बाहुलीचे मुख आणि यंत्राची सबब

बाहुलीपटाविषयी सुशिक्षित मंडळींत अलीकडे एक मत मोठ्या विश्वासाने मांडले जाते. बाहुलीच्या मुखावर जितके भाव अधिक, तितकी ती अधिक जिवंत. इतके भाव घडवावयाचे तर मूल्यवान यंत्रे हवीत. ती आपल्यापाशी नाहीत, तेव्हा हा उद्योग परदेशीयांनीच करावा, असे हे त्रैराशिक आहे. यातील पहिलेच पद चुकले आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या कलेत बाहुली किंचित हलवावयाची, एक छायाचित्र घ्यावयाचे, पुन्हा हलवावयाची, असा क्रम असतो. पडद्यावर एका सेकंदास २४ चित्रे सरकतात; प्रत्येक स्थिती दोनदा टिपली तरी एका मिनिटास ७२० स्थिती लागतात. तेव्हा बाहुलीचा पहिला गुण सौंदर्य नव्हे, स्थैर्य होय. तिच्या अंगात पोलादी गोळ्या व खोबणी यांच्या सांध्यांचा, अथवा पीळ दिलेल्या अॅल्युमिनियमच्या तारेचा सांगाडा असतो. सांधा सैल राहिला तर उचललेला हात पुढच्या चित्रापूर्वीच खाली येतो. फार घट्ट झाला तर एक मनगट वळविताना सारे अंग सरकते. म्हणून पावले मोठी करून ती खालून स्क्रूने वा लोहचुंबकाने जखडतात, मस्तक हलके ठेवितात, आणि बोटांतील तार वारंवार तुटते म्हणून हात बदलता येतील असे करितात. रेखाटन करिताना ज्याने याचा विचार केला नाही, त्याची बाहुली कागदावरच सुंदर राहते. यांपैकी कशासही फार मोठे यंत्र लागत नाही, हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल.

प्रतिपक्षाचे सर्वांत बळकट उदाहरण आम्हीच देतो. 'कोरलाइन' (२००९) या अमेरिकन पटात नायिकेचे चेहरे त्रिमिती मुद्रणयंत्राच्या साह्याने तयार केले. मुखाचे वरचे व खालचे भाग निरनिराळे जुळवून २ लाखांहून अधिक भावछटा साधण्याची सोय झाली. काम अप्रतिम आहे. तसे न म्हणणे कोतेपणाचे होईल. परंतु त्या दोन भागांमधील सांध्याची रेघ मागाहून चित्रांतून पुसावी लागली. उलट 'अॅनोमलिसा' (२०१५) च्या कर्त्यांनी तशीच रेघ बुद्ध्या राहू दिली, आणि त्या बाहुल्यांचे एकटेपण त्यामुळे तिळभरही उणे झाले नाही.

चेकोस्लोव्हाकियातील यिर्झी त्रन्का यांनी तर बाहुलीचे मुख न बदलण्याचाच मार्ग पत्करला. मान किती झुकली, प्रकाश कोठून पडला, एवढ्यावर ते दुःख दाखवीत. 'हात' (१९६५) या त्यांच्या अखेरच्या पटात सत्तेपुढे न नमणाऱ्या कारागिराची व्यथा समजण्यास आणखी काही लागत नाही. इंग्लंडातील ग्रॉमिट नामक कुत्र्यास तोंडच दिसत नाही. 'द राँग ट्राउझर्स' (१९९३) मध्ये तो मातीच्या भुवईने बोलतो, आणि मुले व वृद्ध दोघांसही ते समजते. मुखाने थोडे सांगावे, उरलेले प्रेक्षकाच्या मनाने पुरवावे, हाच या कलेचा नियम आहे.

आपणांस तरी हा नियम अपरिचित का वाटावा? कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत लाकडी मुखाच्या कळसूत्री बाहुल्या नाचवितात. त्या मुखावरील एक रेषाही हलत नाही, तरी कथेतील शोक प्रेक्षकांस कळतो. दादासाहेब फाळके यांनी शतकापूर्वी आगकाड्यांची चित्रे घेऊन त्या पडद्यावर चालत्या केल्या. काडीस तर मुखच नसते! मुंबईत तयार झालेला 'टोकरी' (२०१७) हा बाहुलीपट तर आपल्या डोळ्यांपुढे आहे.

यंत्र नको, असे आम्ही म्हणत नाही. ज्यास परवडेल त्याने ते अवश्य आणावे. पण त्याच्या अभावाची सबब करू नये. तार, माती, एक दिवा आणि चिकाटी एवढेच ज्या तरुणाजवळ आहे, त्यास "थांब, आधी यंत्र येऊ दे" असा उपदेश करणारे लोक कलेची काळजी वाहत नाहीत. ते त्याची उमेदीची वर्षे फुकट दवडितात.