डोके थंड, तोंड बंद

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचे पितळेचे डबे खाली येतात, पलंगाखालच्या ट्रंका बाहेर निघतात, भिंतीवरच्या घड्याळाची पाठसुद्धा पुसली जाते. फक्त टेबलाखालच्या संगणकाकडे कोणी वळून पाहत नाही. तो बिचारा वर्षभराची धूळ पोटात घेऊन घोंघावत असतो आणि आपण म्हणतो, "जुना झाला, आता नवा घ्यायला हवा." वाचकहो, नवा घेण्यापूर्वी त्या घोंघावण्याची थोडी चौकशी करू या.

संगणक आवाज करतो तो हौसेने नव्हे. त्याच्या पोटातली प्रोसेसर नावाची चिप वीज खाते आणि तिची उष्णता करते. काम जोरात असले, म्हणजे पूर्वीच्या शंभराच्या दिव्याइतकी उष्णता टपालाच्या तिकिटाहून लहान जागेतून बाहेर पडते. ती वाहून न्यायला चिपेवर धातूच्या पातळ पट्ट्यांचा हीटसिंक आणि त्यावर पंखा. पंखा थांबला तर चिप तापते. १०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेली, की आपली चाल आपणच मंद करते. तेवढ्यानेही भागले नाही, तर संगणक बंद पडतो.

"मग पंखाच नको!" हा मोह मोठमोठ्यांना झालेला आहे. ॲपलच्या स्टीव्ह जॉब्ज यांना पंख्याची घरघर मुळीच खपत नसे. त्यांच्या आग्रहाने १९८०चा 'ॲपल थ्री' बिनपंख्याचा निघाला. आतल्या चिपा तापून खाचांतून सैल होऊ लागल्या, आणि यंत्र काही इंच उचलून टेबलावर आपटा, असा सल्ला गिऱ्हाइकांना देण्याची पाळी आली! १९८४चा मॅकिंटॉशही बिनपंख्याचाच होता. १९८७च्या 'मॅकिंटॉश एसई'त मात्र पंखा आला. पुढे २०२०ची 'मॅकबुक एअर' पंख्यावाचून छान चालली, कारण तिची चिपच मुळी कमी तापणारी. उष्णता कमी केल्याशिवाय शांतता मिळत नाही, ती अशी.

आता आमच्या शेजारच्या मास्तरांचे सांगतो. निवृत्त झाल्यापासून ते अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तके वाचून संगणकावर ध्वनिमुद्रित करतात. परीक्षा महिन्यावर आलेली, पाच धडे बाकी, आणि एका मुलीचा निरोप आला, "सर, तुमच्या मागे पिठाची गिरणी चालू असते का? शब्द नीट कळत नाहीत." मास्तर हिरमुसले. मला हाक मारून म्हणाले, "अहो, मी वाचतो तेवढा वेळ पंख्याची वायर काढून ठेवली तर?"

"मास्तर, संगणक मध्येच बंद पडेल आणि अर्धा धडा बरोबर घेऊन जाईल," मी म्हटले. "रविवारी पेटी उघडू."

रविवारी आधी वीज बंद करून प्लग काढला. झाकण उघडले तो हीटसिंकच्या पट्ट्यांवर धुळीची चक्क गोधडी! अशा वेळी वारा आत शिरत नाही, म्हणून पंखा आणखी जोरात फिरतो, आणि आवाज आणखी वाढतो. मऊ ब्रशाने धूळ काढली. ती काढताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. हवेच्या झोताने ते भरमसाट फिरले, तर पंखा बिघडू शकतो. वीजपुरवठ्याचा बंद डबा मात्र उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते.

दुसरा दोष जागेचा. पेटी टेबलाच्या बंद कप्प्यात होती. आपलाच तापलेला श्वास पुन्हा आत घेत होती. ती बाहेर काढून भिंतीपासून वीतभर दूर ठेवली. खाली रबराचे तुकडे दिले, कारण पेटीची थरथर लाकडात उतरली, की टेबल तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखे घुमू लागते.

आता खरी मेख पंख्यात. पेटीला मागे एकच लहान, ८० मिलिमीटरचा पंखा होता आणि तो जिवाच्या आकांताने पळत होता. इथले गणित मजेचे आहे. पंख्याचा वेग निम्मा केला, की वाराही निम्मा होतो. पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. तसाच दुसरा पंखा जोडीला दिला, तर वाऱ्याची भरपाई होते आणि आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो. हिशेबाने १२ डेसिबल खिशात; आणि १० डेसिबल उतरले, की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. मोठ्या पात्याचा पंखा घेतला तर तोच वारा त्याहून सावकाश फिरून मिळतो. आम्ही १२० मिलिमीटरचे दोन बसवले, एक पुढून हवा आत घेणारा, एक मागून बाहेर टाकणारा.

कानाला एकसारख्या आवाजापेक्षा चढउतार जास्त खुपतो. म्हणून संगणकाच्या बायोसमध्ये पंख्याचा वेग असा लावला, की ६० अंशांपर्यंत तो हळूच फिरावा आणि क्षणभराच्या तापाने दचकू नये. शेवटी विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० टक्क्यांवरून ९९ वर आणले. बऱ्याच संगणकांत एवढ्या एका टक्क्याने चिपेची टर्बो दौड थांबते आणि उष्णता लक्षणीय उतरते. वाचन मुद्रित करायला दौड हवी कोणाला?

मग अर्धा तास यंत्राला भरपूर काम देऊन पारा पाहिला. ७० अंशांच्या खालीच राहिला. ही परीक्षा कोणीही टाळू नये; शांत झालेला संगणक थंड झाला आहे, असे धरून चालत नाही.

मास्तरांचे पाचही धडे वेळेत गेले. मुलीचा उलट निरोप आला, "सर, आता तुम्ही पान उलटता तेही ऐकू येते."

तुमच्या घरी ब्रश आहे, दिवाळीची सुट्टी आहे. माळा झाला असेल तर टेबलाखाली वाका.