दोनशे सत्तर रुपयांची रात्र

पैठणच्या माणसाला हिशेबाची ती कथा नव्याने सांगावी लागत नाही. एकनाथ महाराज देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे असताना एका पैचा ताळा लागेना म्हणून रात्रभर वह्या चाळत बसले आणि चूक सापडताच आनंदाने टाळी वाजवली. बँकेच्या नोकरीत मी पैठणला आलो तेव्हा मलाही ती पाठ होती. तिचा अर्थ मात्र १९९५ च्या ३१ मार्चच्या रात्री कळला.

वार्षिक क्लोजिंग होते. बचत खात्यांची लेजरे नुकतीच संगणकावर चढवलेली. संध्याकाळी खात्यांची बेरीज जनरल लेजरमधल्या आकड्याशी लावून पाहिली, तर २७० रुपये कमी. पुन्हा बेरीज काढली, फरक तोच. संगणक बंद करून चालू केला, फ्लॉपी बदलली, मध्येच वीज जाऊन आली; पडद्यावर तोच हट्टी आकडा. तेव्हाच्या औरंगाबादेत इंजिनिअरला फोन लावला, तर तो म्हणाला, "सकाळी येतो." एव्हाना रात्रीचा एक वाजला होता.

वाचकहो, खरे सांगतो. अधिकारी असूनही मीच म्हणालो, "यंत्र बिघडलंय. फरक सस्पेन्स खात्यात टाकू आणि घरी जाऊ."

निवृत्तीला आलेल्या हेड कॅशियरनी चष्मा पुसला. "साहेब, दोनशे सत्तरला नऊने भाग जातो. आकडे उलटे पडले असणार. व्हाउचर काढा."

हिशेबनिसांचा हा जुना ठोकताळा. शेजारच्या दोन आकड्यांनी जागा बदलल्या, की पडणारा फरक नऊच्या पटीतच असतो. आम्ही गठ्ठे सोडले. पहाटे चारला ते व्हाउचर हाती आले. एका पैठणी विणकराने १,६३० रुपये भरले होते; संगणकात पडले होते १,३६०. त्या नोंदीपुढे तपासल्याची सही माझी होती!

टाळी कोणी वाजवली नाही. मी मुकाट्याने दुरुस्ती केली.

यंत्र निर्दोष होते आणि आम्ही त्याला आरोपी ठरवले होते. ब्रिटनच्या पोस्टात नेमके उलटे घडले. तिथल्या होरायझन नावाच्या संगणक प्रणालीने खोटी तूट दाखवली, तीच खरी मानून १९९९ ते २०१५ या काळात शेकडो पोस्टचालकांना चोर ठरवले गेले. काही तुरुंगात गेले. त्या शिक्षा सरसकट रद्द करणारा कायदा व्हायला २०२४ उजाडले. कुठे यंत्रावर आळ, कुठे यंत्रावर आंधळा विश्वास. पण दोन्हींचे मूळ एकच. शोधण्याचा कंटाळा.

आज पैठणच्या शाखेतही सगळे क्षणात होते, आणि ते चांगलेच आहे. लेजर उचलून माझी पाठ मोडली आहे. जुने दिवस परत यावेत असे मला मुळीच वाटत नाही. पण पासबुक घेऊन आलेल्या म्हातारीला "सिस्टिममध्ये असंच दिसतंय" असे उत्तर मिळते, तेव्हा मला ती रात्र आठवते. सिस्टिम हे उत्तर नव्हे. तिथून तपास सुरू व्हायला हवा.

त्या विणकराला आपले २७० रुपये हरवले होते हे कधी कळलेच नाही. त्याला ते कळण्याची वेळ आली नाही, याचे श्रेय ना माझे, ना संगणकाचे. ते चष्मा पुसणाऱ्या त्या माणसाचे. अशी माणसे काउंटरमागे उरली आहेत का, एवढाच माझा प्रश्न आहे.