एक कागद कमी आहे

पहाटे साडेपाचची गाडी आलीच नाही. सात वाजता आली ती खच्चून भरलेली, आणि घाटाच्या अलीकडे तिचे टायर बसले. जिल्ह्याच्या गावाला उतरलो तेव्हा पावणेबारा वाजले होते. सोबत आमच्या वस्तीतली एक मुलगी, तिचा बाप, आणि तीन पिढ्यांच्या कागदांची एक प्लास्टिकची पिशवी. मुलीला अभियांत्रिकीला जागा मिळाली आहे. जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत दिले नाही तर ती जागा जाणार. रक्ताच्या नात्यातल्या कुणाची वैधता जोडावी म्हटले, तर घरात शिकणारी ही पहिलीच.

रांगेत आमचा नंबर लागला तेव्हा जेवणाच्या सुट्टीला पाच मिनिटे होती. बाबूने कागद चाळले आणि म्हणाला, "एक कागद कमी आहे."

"कोणता साहेब?"

"आजोबांचा शाळेचा दाखला. पन्नासच्या आधीचा."

"आमचा म्हातारा शाळेत गेलाच नाही साहेब."

"मग मी काय करू?"

खिडकी बंद.

अशा दिवसाला लोक 'आज दिवसच वाईट होता' म्हणतात आणि घरी जातात. मला हे पटत नाही. गाडी न येणे हा एक वेळ योगायोग असेल. पण ज्यांच्या बापजाद्यांना शाळेच्या पायरीवर चढू दिले नाही, त्यांच्याच नातवंडांना बापजाद्यांच्या शाळेचा दाखला मागणे हा योगायोग कसा?

पन्नास साल कुठून आले ते तरुणांनी समजून घेतले पाहिजे. अनुसूचित जातींची यादी ठरवणारा राष्ट्रपतींचा आदेश 10 ऑगस्ट 1950 चा. त्यामुळे त्या तारखेआधीचा पुरावा मागितला जातो. पडताळणी समित्यांची घडी सर्वोच्च न्यायालयाने 1994 साली माधुरी पाटील प्रकरणात घालून दिली आणि महाराष्ट्राने 2000 साली त्यासाठी कायदा केला. त्याच्या कलम 8 प्रमाणे जात सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर आहे. पडताळणीला माझा विरोध नाही. बोगस दाखले काढून आपल्या जागा लाटणाऱ्यांना पकडण्यासाठी ती हवीच. माझा प्रश्न एवढाच की तिचा जाच बोगसवाल्याला किती आणि खऱ्याला किती? बोगसवाल्याकडे गाडी असते, वकील असतो, आणि कागद तर सगळेच असतात. तिथे एकही कमी पडत नाही! आमच्याबरोबर आलेल्या बापाची मात्र एका दिवसाची 400 रुपये हजेरी बुडाली. वर दोघांचे जाण्यायेण्याचे भाडे, झेरॉक्स, आणि हे सगळे 'मग मी काय करू' ऐकण्यासाठी.

काय करू म्हणजे? सांगायला हवे होते की शाळेचा दाखला हा एकमेव पुरावा नाही. कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद चालते, त्यात जात लिहिलेली असते. जुन्या महसुली नोंदी चालतात. कागदांवर समितीचे समाधान झाले नाही तर दक्षता पथकाने घरी येऊन चौकशी करण्याची तरतूद नियमात आहे. खिडकीत बसणाऱ्याला हे माहीत नसेल असे मी मानत नाही.

दुपारी पुन्हा उभे राहिलो तर दुसरीच अडचण निघाली. चुलत आजोबांच्या दाखल्यावर 'महार', बापाच्या दाखल्यावर 'बौद्ध'. "ही विसंगती आहे," म्हणाला. आता याला काय सांगावे? ही विसंगती नाही, हा 14 ऑक्टोबर 1956 आहे. आणि केंद्राच्या यादीत बौद्धांना स्थान मिळायला 1990 उजाडावे लागले. मधली चौतीस वर्षे कुठल्या रकान्यात काय लिहावे हा गोंधळ सरकारनेच ठेवला होता. त्याचा हिशेब आज एका अठरा वर्षांच्या पोरीने द्यायचा?

एक गोष्ट लिहू की नको, असे दोन दिवस चालले होते. लिहितोच. त्या बाबूच्या पाठीमागे भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. त्याने स्वतः लावलेला. 'जय भीम' म्हटल्यावर त्याने हळूच उत्तरही दिले, आणि मग तितक्याच हळू आवाजात बाहेरच्या एका एजंटाचे दुकान सुचवले. आरक्षणातून त्या खुर्चीवर गेलेला माणूस दुसऱ्याला त्याच दारात अडवतो, तेव्हा दोष फक्त मनुवाद्यांवर ढकलून आपण मोकळे होऊ शकत नाही.

आम्ही एजंटाकडे गेलो नाही. बाहेरच्या ओट्यावर बसून मुलीने स्वतः अर्ज लिहिला: माझ्या प्रकरणात कोणती त्रुटी आहे ते मला लेखी कळवावे. आवक शाखेत तो दिला आणि पोच मागितली. पोचेचा शिक्का शोधायला वीस मिनिटे लागली, पण 'उद्या या' हे शब्द मात्र परत ऐकू आले नाहीत. तोंडी नकाराला तारीख नसते, सही नसते, म्हणून त्याविरुद्ध अपील करता येत नाही. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांची यादी, मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचे नाव कार्यालयात फलकावर लावणे बंधनकारक केले आहे. तीन अपिले आहेत, कसूर करणाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड आहे. त्या कार्यालयात फलक होता. त्याच्यासमोर लोखंडी कपाट उभे होते.

परतीच्या गाडीत मुलगी दोन तास उभी होती. मला मसूर स्टेशन आठवले. 1901 साली लहानगे भीमराव भाऊ आणि भाच्यांबरोबर वडिलांना भेटायला निघाले, मसूरला उतरले, आणि जात कळल्यावर एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतः बैलगाडी हाकली, रात्रभर पाणी मिळाले नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी हे लिहिले आहे. वडील घ्यायला का आले नाहीत? येत असल्याचे पत्र मुलांनी आधीच पाठवले होते. ते नोकराच्या हाती पडले आणि त्याने ते वडिलांना दिलेच नाही. त्या रात्रीशी आमच्या दिवसाची बरोबरी मी करत नाही. पण एका माणसाने एक कागद पुढे न सरकवल्यावर काय होते, हे ज्यांना नवव्या-दहाव्या वर्षी कळले त्यांचे आपण अनुयायी आहोत.

जयंतीला आपल्या तालुक्यात डीजेला पैसे कमी पडत नाहीत. खिडकीवर सोबत उभे राहायला मात्र माणूस मिळत नाही. वस्तीत पदवीधर किती आहेत ते मोजा, आणि त्यातल्या किती जणांनी यंदा दुसऱ्याच्या कामासाठी तहसीलची पायरी चढली तेही मोजा.

सोमवारी आम्ही कोतवाल बुकाची नक्कल काढायला तहसीलच्या अभिलेख कक्षात जाणार आहोत. वस्तीतली आणखी तीन मुले त्याच कागदासाठी अडली आहेत, तीही येतील. ज्यांना मोडी वाचता येते अशा कुणाची ओळख असेल तर कळवा, जुन्या नोंदी मोडीत निघाल्या तर लागेल. दहा रुपयांचे तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज आधीच लिहून ठेवला आहे. गाडी साडेपाचची आहे. नाही आली तर सातची.

जय भीम.