फुगडीचे छायाचित्र कोणाचे?

प्रसंग पुष्कळांच्या परिचयाचा आहे. शहराच्या जुन्या पेठेतील वाडा विकसकाच्या ताब्यात द्यायचा असतो. त्याआधीच्या रविवारी घर रिकामे करण्यासाठी सारे भाऊबंद जमतात. माजघरातील फडताळे उघडली जातात, तांब्यापितळेची मोड तराजूत पडते, कोणते कपाट कोणी न्यायचे यावरून हलक्या आवाजात कुरबुरी होतात. दुपारी सगळे दमून ओसरीवर टेकले असताना सत्तरीला आलेली एक नणंद आणि तिच्याच वयाची भावजय रिकाम्या चौकाकडे पाहतात, मग एकमेकींकडे पाहून हसतात, पदर खोचतात आणि हातात हात गुंफून फुगडी घालू लागतात. भांडी घासायला येणारी बाई उंबऱ्यापाशी थबकून टाळ्यांचा ठेका धरते. लगेच तिलाही आत ओढले जाते. कोणी पुतण्या खिशातून मोबाइल काढून छायाचित्र टिपतो. दीडदोन मिनिटांत धाप लागून तिघी खाली बसतात आणि भांड्यांची मोजदाद पुन्हा सुरू होते.

हे छायाचित्र कोणाचे? महागाई, बेकारी आणि दडपशाहीच्या काळात हा प्रश्न काहींना क्षुल्लक वाटेल. परंतु मालकी, श्रम आणि फुरसत या तीन गोष्टींचा विचार ज्या विचारसरणीच्या केंद्रस्थानी आहे, तिच्या कार्यकर्त्यांनी तरी तो क्षुल्लक मानू नये. त्या एका चित्रात या तिन्ही गोष्टी एकत्र आलेल्या आहेत.

प्रथम फुरसतीचा विचार करू या. फुगडी, झिम्मा, पिंगा हे खेळ स्त्रियांनी सणावारांच्या आडोशाने जतन केले. श्रावणातील मंगळागौरीचे जागरण, नागपंचमी, गौरीगणपती, आश्विनातील भोंडला ही निमित्ते होती. वर्षभर चूल, पाणी, दळण आणि बाळंतपण यांत जखडलेल्या बाईला मोठ्याने हसण्याची, उड्या मारण्याची, सासूनणंदेला गाण्यातून टोमणे मारण्याची परवानगी त्या मोजक्या दिवशी होती. ही मोकळीकसुद्धा धर्मकृत्याच्या नावाखाली मिळवावी लागे. आज परिस्थिती पालटली आहे, असे मानण्याचे कारण नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली केलेल्या वेळेच्या विनियोगाच्या पाहणीनुसार, घरातील बिनमोल कामांसाठी ती कामे करणाऱ्या स्त्रिया त्या वर्षी दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे खर्च करीत होत्या, तर पुरुष ९७ मिनिटे. जवळजवळ पाच तासांच्या त्या रहाटगाडग्यातून निसटलेली दोन मिनिटे म्हणजे ती फुगडी. तिला कोणी मुहूर्त काढला नव्हता, कोणी फर्मावले नव्हते. म्हणूनच तिचे मोल वेगळे आहे.

आता मालकीकडे वळू. ती फुगडी ज्या चौकात रंगली, त्या वाड्याच्या कागदावर त्या तिघींपैकी कोणाचे नाव होते? नणंदेचा जन्म त्याच घरातला. पण हिंदू वारसा कायदा १९५६ साली झाला तेव्हा एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीतील जन्मसिद्ध सहहिस्सेदारी मुलांपुरतीच राहिली. मुलीच्या वाट्याला आला तो वडिलांच्या हिश्शातील हिस्सा. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना सहहिस्सेदारी दिली, मात्र त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ रोजी अमलात आली तेव्हा आज सत्तरीत असलेली ही नणंद पन्नाशीच्या उंबरठ्यावर होती. आणि कायद्याने दिलेले व्यवहारात मिळतेच असे नाही. ‘माहेर तुटायला नको’ या एका वाक्यावर हजारो बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या आहेत. भावजयीने त्या घरात अर्धशतक खस्ता खाल्ल्या. तिचे स्थान कोणाची तरी पत्नी एवढेच. भांडी घासणाऱ्या बाईविषयी तर बोलायलाच नको. तिच्या हातावरून त्या घराची दोन पिढ्यांची भांडी गेली. विक्रीच्या व्यवहारात तिच्या नावाची कुठे नोंदही होणार नाही.

या पार्श्वभूमीवर त्या छायाचित्राचे महत्त्व ध्यानात येते. खरेदीखत, भाडेपावती, वीजबिल, शिधापत्रिका यांपैकी बहुतेक कागदांवर वर्षानुवर्षे पुरुषांची नावे राहिली. शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातील ज्येष्ठ स्त्रीचे नाव लावण्याची तरतूद २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने केली, तोवर तेही नव्हते. स्टुडिओत जाऊन काढलेल्या जुन्या कौटुंबिक छायाचित्रांत स्त्रिया दिसतात, पण खुर्चीवर बसलेल्या कर्त्या पुरुषाच्या मागे, डोक्यावर पदर घेऊन, ‘हलू नका’ या हुकमाखाली ताठ उभ्या. अशा स्थितीत चौकात फिरणाऱ्या, केस सुटलेल्या, तोंड उघडे टाकून हसणाऱ्या तीन स्त्रियांचे चित्र हा त्या घराचा असा दस्तऐवज ठरतो, ज्यात त्या कोणाच्या कोणी म्हणून नव्हे तर स्वत: म्हणून उभ्या आहेत.

तेव्हा कॅमेऱ्याने सहजतेचा खून केला, ही काही सौंदर्यवाद्यांची तक्रार पुरती पटणारी नाही. कॅमेरा समोर आला की माणूस सावरून बसतो, हे खरे. तथापि हे चित्र काढले गेले नसते तर त्या दोन मिनिटांची कोणतीही खूण उरली नसती, आणि ज्यांची कोणतीच खूण उरत नाही त्यांचा इतिहास इतरेजन आपल्या सोयीने लिहितात. चित्र काढावेच. वादाचा मुद्दा पुढचा आहे: काढल्यानंतर ते कोणाच्या हाती जाते?

कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारी व्यक्ती आणि सामान्यत: पहिला मालकही तोच. कोणी मोबदला देऊन काढवून घेतले असेल, तर वेगळा करार नसल्यास मालकी पैसे देणाऱ्याची. ज्यांनी घाम गाळून ती फुगडी घातली, त्यांचा त्या चित्रावरील मालकीच्या दृष्टीने विचारच नाही. भांडवल ज्याचे, उत्पादन त्याचे, हा कारखान्यातील न्याय माजघरापर्यंत पोचल्याचे हे उदाहरण म्हणावे लागेल.

याच्या उलट रीत प्रत्यक्षात चालू शकते, याचा दाखला पश्चिम आफ्रिकेतील माली या देशात सापडतो. राजधानी बामाको येथील मालिक सिदिबे हा छायाचित्रकार १९६० च्या दशकात तरुणांच्या नाचांच्या मेळाव्यांना जाऊन चित्रे टिपत असे. रात्री स्टुडिओत परतून तो फिल्म धूत असे आणि छोट्या प्रती बाहेर लावून ठेवीत असे. नाचणारी मुलेमुली येऊन स्वत:ला शोधत आणि हवी ती प्रत मागवीत. चित्र प्रथम पोचे ते चित्रातल्या माणसांकडे. १९६३ च्या नाताळच्या रात्रीचे त्याचे एक चित्र जगप्रसिद्ध आहे: फिक्या रंगाच्या सुटातील एक तरुण आणि अनवाणी पायांची एक मुलगी, दोघेही मान खाली घालून, कपाळाला कपाळ लागेल इतक्या जवळ, पावलांवर नजर ठेवून नाचत आहेत. ती दोघे भाऊबहीण होती, असे सिदिबे सांगत असे. पुढे ही चित्रे पाश्चात्त्य कलादालनांत गेली आणि २००७ साली व्हेनिसच्या कलाप्रदर्शनात त्याला जीवनगौरवाचा सुवर्णसिंह मिळाला. पण त्यांचे पहिले धनी बामाकोचे ते तरुणच होते.

याच मालीत १९६० पासून मोदिबो केइता यांचे समाजवादी सरकार होते. वसाहतवादाचे जोखड झुगारणाऱ्या त्या सरकारला तरुणांचे पाश्चात्त्य धर्तीचे नाच आणि पेहराव हे बुर्ज्वा वळण वाटले. त्यांच्यावर पहारे बसले, लोकसेनेच्या पथकांनी त्यांना सतावले. १९ नोव्हेंबर १९६८ रोजी लष्कराने ते सरकार उलथले. त्याची कारणे अनेक होती, त्यांत आर्थिक अडचणी प्रमुख. तरीही लोकांच्या आनंदाकडे संशयाने पाहणारी राजवट संकटाच्या वेळी एकाकी पडते, हा बोध त्यातून घेण्यासारखा आहे. महाराष्ट्रातील परिवर्तनवादी चळवळीने कलापथके उभारली, पोवाडे रचले, जलसे केले, ही तिची मोठी पुण्याई. मात्र व्यासपीठावरचा नाच प्रबोधनाचा आणि घरातला नाच फालतू, अशी एक प्रतवारी तिच्याही मनात नकळत रुजली, हेही मान्य केले पाहिजे.

चळवळीने दुर्लक्ष केले तिथे बाजारपेठ तत्परतेने पोचली. वाई परिसरातील मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा आणि घाट चित्रपटांतून परिचित झाला, यात गैर काही नाही. पण आता विवाहपूर्व छायाचित्रांसाठी जुनी घरे तासांच्या भाड्याने मिळतात. भाड्याची नऊवारी नेसलेल्या वधूला ‘सहज नाचा’ असे सांगितले जाते आणि ती सहजता मनासारखी येईपर्यंत पुन:पुन्हा करवून घेतली जाते. मंगळागौरीचे खेळ करून दाखविणारी पथके बोलावली जातात आणि यजमानीण खुर्चीवर बसून पाहते. त्या पथकांतील स्त्रियांना चार पैसे मिळतात, त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. दोष आहे तो आधी फुरसत हिरावून घेऊन मागाहून तिचे चित्र विकणाऱ्या व्यवस्थेचा. उद्या त्या तिघींच्या फुगडीचे चित्र विकसकाच्या जाहिरातीत ‘परंपरेचा वारसा’ म्हणून झळकले आणि त्याखाली त्याच जागेवरील बारा मजली इमारतीचे दर छापले गेले, तर आश्चर्य वाटायला नको. आणि त्या जाहिरातीत भांडी घासणारी बाई चौकटीबाहेर कापली गेली असेल, हेही गृहीत धरावे.

इथे वाड्याची भलावण करण्याचा हेतू नाही. जुन्या वाड्याने जातीची उतरंड चौकटीत, उंबऱ्यात आणि पाणवठ्यात कोरून ठेवली होती. मंगळागौर प्रामुख्याने वरच्या जातींची. कष्टकरी स्त्रीला त्या चौकात सहसा प्रवेश होता तो कामापुरता. ज्या घरातील पुरुष फडावरची लावणी पाहून येत, त्याच घरात स्वत:च्या लेकीसुनांचा नाच परक्या नजरेस पडू नये असा दंडक होता. एकीचे नाचणे विकत घ्यायचे आणि दुसरीचे कोंडायचे, ही त्या संस्कृतीची दुहेरी नीती होती. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा पुण्यातील नदीकाठचे कितीतरी वाडे गेले. उरलेल्यांपैकी अनेक दुरुस्तीअभावी खचले. वाडे पडावेत की राहावेत, यावर अश्रू ढाळण्यापेक्षा त्यांच्या जागी काय येते, हे पाहणे महत्त्वाचे.

आणि जे येते त्याच्या हिशेबात चौक नसतो. पुनर्विकासाच्या करारात प्रत्येक बिऱ्हाडाला किती चौरस फूट मिळणार, हे इंचाइंचाने ठरते. चौक, ओसरी, चाळीतली गॅलरी कोणा एकाच्या नावावर नसल्यामुळे तिचा कैवार घेणाराही कोणी नसतो. तिच्या जागी मोटारी उभ्या राहतात. जी जागा कोणाची नाही तीच सर्वांची, हे समाजवादाचे पहिले तत्त्व त्या चौकात न शिकवता शिकले जात होते. तीन बायकांना हात पसरून गरगर फिरता येईल एवढी सामाईक मोकळी जमीन ही चैन नव्हे. ती घराची गरज आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांपुढे काही साध्या गोष्टी आहेत. वस्त्यांतून, मोर्च्यांतून, शिबिरांतून आज प्रत्येकाच्या हाती कॅमेरा आहे. चित्र काढल्यावर ते दाखवावे, ठेवू का असे विचारावे, आणि नको म्हटले तर पुसून टाकावे. ज्यांचे चित्र आहे त्या प्रत्येकीला कागदावर छापलेली प्रत द्यावी, भांडी घासणाऱ्या बाईला सर्वांत आधी, कारण ती तिच्याकडे आपसूक कधीच पोचणार नाही. प्रतीच्या पाठीमागे दिवस, ठिकाण आणि सर्वांची पूर्ण नावे लिहावीत. पुनर्विकासाच्या सभांना जाणाऱ्यांनी आपल्या चौरस फुटांबरोबर सामाईक चौकाचीही मागणी लेखी नोंदवावी. आणि हक्कसोडपत्राचा कागद पुढे येईल तेव्हा बहिणीला तो नीट वाचू द्यावा.

वाडा महिन्याभरात जमीनदोस्त होईल. पुतण्याने त्या चित्राच्या तीन प्रती छापून घेतल्या, मागे तिघींची नावे लिहिली आणि त्या तिघींच्या हाती दिल्या, तर त्या घराच्या साऱ्या कागदपत्रांत निदान एका कागदावर त्यांची नावे एका ओळीत येतील.