हंगाम दोन महिन्यांचा, खेळाडू बारा महिन्यांचा

लेहमध्ये या दिवसांत रात्री पाणी सोडायची लगबग असते. कडाक्याच्या थंडीत पाइप ओढत न्यायचे आणि मैदानावर पाण्याचा पातळ थर पसरायचा. तो गोठला की वर दुसरा, मग तिसरा. घाईने एकदम पाणी सोडले तर वर नुसता पापुद्रा धरतो, आत पाणी राहते आणि स्केटचे पाते नेमके तिथे रुतते. म्हणून जाणती मंडळी रात्र जागून थर चढवतात आणि पहाटे फावड्यांनी, झाडूंनी भुसभुशीत हिम कडेला सारतात. हे काम करणाऱ्यांत पुष्कळदा दुसऱ्या दिवशी त्याच बर्फावर खेळणारी मुले-मुलीही असतात. लडाखच्या आइस हॉकीचा नवा हंगाम असा सुरू होतो.

जानेवारी 2024 मध्ये या बर्फावर एक नवी गोष्ट घडली. रॉयल एनफिल्ड या मोटारसायकल कंपनीच्या पाठबळाने लेहमध्ये आइस हॉकीची पहिली लीग झाली. पुरुषांचे दहा आणि महिलांचे पाच संघ उतरले. पुरिग, झंस्कार, नुब्रा, चांगथांग अशा भागांची नावे जर्सीवर आली आणि गावोगावचे लोक गरम कपड्यांत गुरफटून कठड्याला रेलून आपापल्या संघासाठी ओरडले. याला अजून पुरती व्यावसायिक लीग म्हणता येणार नाही. पण या देशात आइस हॉकीचे व्यावसायिक संघ कधी उभे राहिले, तर त्यांच्या पहिल्या हंगामाची नोंद इथूनच करावी लागेल. त्या लीगमागची उमेद 2042 च्या हिवाळी ऑलिम्पिकपर्यंत जाण्याची आहे. नवा हिवाळा उंबरठ्यावर असताना त्या उमेदीकडे डोळसपणे पाहायला हवे, कारण ती खरी करायची तर करायचे काम हिवाळ्यातले नाहीच. ते उन्हाळ्यातले आहे.

गाझियाबादेत बसून लेहच्या बर्फाची काळजी कशाला, असे कोणी विचारील. आमच्या डोक्यावरून रोज जी अवजड विमाने जातात ती हिंडनच्या हवाई तळावरची. सी-17 आणि सी-130 जे या दोन्ही मालवाहू विमानांच्या तुकड्या याच तळावर आहेत. 20 ऑगस्ट 2013 रोजी दौलत बेग ओल्डीच्या धावपट्टीवर, सोळा हजार फुटांहून अधिक उंचीवर, हवाई दलाचे सी-130 जे उतरले ते हिंडनच्याच तुकडीचे होते. लडाखला बारा महिने रसद पोचवायची कशी, हे या शहराच्या वेशीवरच्या माणसांना चांगले ठाऊक आहे. खेळाची रसदही तशीच बारा महिने लागते.

आणखी एक कारण घरातले आहे. इंदिरापुरम, वैशाली, वसुंधरा इथल्या सोसायट्यांत मराठी कुटुंबे आहेत, आणि त्यांची मुले इतरांच्या मुलांबरोबर संध्याकाळी पार्किंगच्या फरशीवर रोलर स्केट घालून पळत असतात. नोव्हेंबर लागला की हवा बिघडते. प्रदूषण वाढले की शाळांचे मैदानी खेळ थांबवण्याचे आदेश निघतात. ऐन थंडीचे, खेळायचे दिवस मुले खिडकीच्या आत काढतात. लडाखच्या मुलांना मैदान मिळते ते नेमके याच दिवसांत. डिसेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, म्हणजे धरून चालून दोन महिने, तेही थंडीने साथ दिली तर. अलीकडच्या उबदार हिवाळ्यांनी त्यातलेही दिवस खाल्ले आहेत. खेळणाऱ्या मुलाचे वर्ष असे आखडणे म्हणजे काय, हे गाझियाबादच्या पालकांना समजावून सांगायला नको.

लेहमध्ये ती लीग झाली त्याच महिन्यात पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक पहिला हंगाम सुरू झाला होता. 1 जानेवारी 2024 रोजी टोरांटोत अमेरिका-कॅनडाच्या व्यावसायिक महिला हॉकी लीगचा पहिला सामना झाला आणि न्यूयॉर्कने टोरांटोला 4-0 असे हरवले. संघ सहा होते: टोरांटो, माँट्रियल, ओटावा, बॉस्टन, न्यूयॉर्क आणि मिनेसोटा. कुणालाही टोपणनाव नव्हते, बोधचिन्ह नव्हते. जर्सीवर फक्त ठिकाणाचे नाव तिरके लिहिलेले होते. नावे दुसऱ्या हंगामात आली. पण पहिला सामना होण्याआधी, 2023 मध्येच, खेळाडूंच्या संघटनेशी 2031 पर्यंतचा करार झालेला होता. वर्षाला किमान 35 हजार डॉलर वेतन आणि प्रत्येक संघात किमान सहा जणींना 80 हजारांपेक्षा कमी नाही, हे त्यात लिहिलेले होते. या बायकांनी आधी दोन लीग बुडताना पाहिल्या होत्या. कॅनडातली 2019 मध्ये बंद पडली, अमेरिकेतली 2023 मध्ये विकत घेऊन गुंडाळली गेली. त्या अनुभवातून आलेले हे शहाणपण होते. एप्रिलमध्ये माँट्रियलच्या बेल सेंटरमध्ये एका सामन्याला 21,105 प्रेक्षक आले आणि मे महिन्यात मिनेसोटाने पहिला करंडक जिंकला, ते या करारानंतर.

आपल्याकडे क्रम उलटा राहिला आहे. हॉकीचा आपला इतिहासच पाहा, म्हणजे गवतावरच्या आणि मग टर्फवरच्या. 2005 मध्ये प्रीमियर हॉकी लीग निघाली. तिच्यात मराठा वॉरियर्स नावाचा संघ होता. चार हंगामांनंतर, 2008 मध्ये, लीगच थांबली. मग 2012 मध्ये वर्ल्ड सिरीज हॉकी आली, आठ संघांची. मुंबई मरिन्स आणि पुणे स्ट्रायकर्स हे आपले दोन संघ. त्यातला पुण्याचा संघ अंतिम फेरीपर्यंत पोचला. 2 एप्रिल 2012 रोजी मुंबईत शेर-ए-पंजाबने तो सामना 5-2 असा जिंकला. नव्या संघाने पहिल्याच हंगामात अंतिम सामना खेळावा, ही केवढी मोठी गोष्ट. पुढच्या वर्षी त्या संघाला खेळायला हंगामच उरला नाही. संघटनांच्या भांडणात आणि पैशाच्या ओढाताणीत लीग एका वर्षात संपली. त्या पुण्याच्या संघाची आठवण आज किती जणांना आहे? खेळाडूंनी आपले काम चोख केले होते. दुसऱ्या वर्षाची तजवीज करणे हे त्यांचे काम नव्हते.

लडाखच्या मुलींवर ही वेळ येऊ नये असे आम्हांला मनापासून वाटते, कारण त्यांनी आधीच फार सोसले आहे. सत्तरच्या दशकात लडाख स्काउट्सच्या जवानांनी तिथे हा खेळ रुजवला. तेव्हा लष्करी बुटांना लोहाराकडून पाती ठोकून घेत. मुलींच्या वाट्याला स्केट आले ते बहुतेक कुणीतरी वापरून झालेले, मापात न बसणारे. 2016 मध्ये भारताचा महिला संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेला, तैपेईला गेला तो लोकांकडून वर्गणी गोळा करून. तिथे एकही विजय मिळाला नाही. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये बँकॉकला फिलिपिन्सविरुद्ध 4-3 असा पहिला विजय आला. 2018 च्या जानेवारीत चार ऑलिम्पिक सुवर्णपदके मिळवलेली कॅनडाची हेली विकेनहायझर स्वतः लेहला येऊन या मुलींबरोबर बर्फावर उतरली. आणि जून 2025 मध्ये अल ऐन इथे आशिया चषकात भारताच्या महिलांनी कांस्यपदक जिंकले. त्सेवांग चुस्कित त्या संघाची कर्णधार होती. वर्गणीपासून पदकापर्यंत नऊ वर्षे. या संघातल्या जवळजवळ सगळ्या मुली लडाखच्या, आणि घरच्या अंगणात दोन महिन्यांपलीकडे बर्फ नाही. कझाकस्तान किंवा जपानच्या खेळाडूंना जे मैदान वर्षभर मिळते, त्याच्या तुकड्यावर यांनी हे करून दाखवले.

मग उरलेले दहा महिने या मुली करतात काय? काही जणी रोलर स्केटवर सराव करतात, काही धावतात, काही शेतात आणि पर्यटकांच्या मागे असतात, कारण लडाखमध्ये कमाईचे दिवसही उन्हाळ्याचेच. ज्यांना नोकरी मिळाली त्यांचे चित्र वेगळे आहे. आज भारतात आइस हॉकी खेळून घर चालवता येते ते मुख्यतः गणवेशात. सेना आणि भारत-तिबेट सीमा पोलीस दल यांचे संघ राष्ट्रीय स्पर्धांत वर्षानुवर्षे आघाडीवर आहेत. सीमा पोलिसांनी खेळाडू मुलींना क्रीडा कोट्यातून भरती केले आणि त्यांचा महिला संघ बघता बघता देशातल्या उत्तम संघांत गणला जाऊ लागला. मराठी माणसाला यात नवल वाटायचे कारण नाही. आपली कबड्डी अशीच जगली. रेल्वे, पोलीस, बँका, मोठ्या कंपन्या यांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या, सकाळी सराव आणि मग कचेरी असा दिवस त्यांनी दशकानुदशके काढला. 2014 मध्ये प्रो कबड्डीचा पहिला हंगाम झाला आणि यू मुंबा अंतिम सामन्यापर्यंत गेली, तेव्हा त्या झगमगाटाच्या पायाखाली नोकरी देणाऱ्या संस्थांची ही जुनी जोती होती. ती नसती तर टीव्हीवाल्यांना दाखवायला तयार खेळाडू कुठून मिळाले असते?

लडाखच्या लीगला म्हणूनच पहिली गरज प्रायोजकाच्या मोठ्या धनादेशाची नाही. नोकऱ्यांची आहे, आणि त्या फक्त सीमा दलांनीच का द्याव्यात? दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या शहरांत मुख्यालये थाटलेल्या सार्वजनिक कंपन्या थोड्या आहेत का? त्यांच्या क्रीडा विभागांनी आइस हॉकीची दारे उघडावीत, आणि ती मुलग्यांइतकीच मुलींसाठी.

दुसरी गरज उन्हाळ्यातल्या बर्फाची. आमच्या भागातून जवळचा बर्फ म्हणजे गुरुग्रामच्या एका मॉलमधला. राष्ट्रीय खेळाडूंनीही तिथे सराव केला आहे आणि त्या रिंकचे उपकार नाकारता येणार नाहीत. पण आंतरराष्ट्रीय मैदान साठ मीटर लांब असते. मॉलमधली जागा त्याहून बरीच लहान. या खेळात खेळाडू मिनिटभराच्या आत दम संपेपर्यंत पळतो आणि खेळ चालू असतानाच बाहेर येऊन दुसऱ्याला आत सोडतो. आखूड बर्फावर ती लांब धाव होतच नाही. चार ढांगांत कठडा येतो. गोलरक्षकाला दुरून येणारी चकती वाचायला मिळत नाही. लेहच्या साडेतीन हजार मीटर उंचीवर कमावलेली छाती तिथे वाया जाते.

पूर्ण मापाचे, छताखालचे, वर्षभर गोठवता येणारे मैदान आपल्याकडे आहे. ते डेहराडूनला, तिथल्या रायपूर भागातल्या महाराणा प्रताप क्रीडा महाविद्यालयात, हिमाद्री या नावाने 2011 मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधले गेले. स्पर्धा संपल्या, विजेचा आणि देखभालीचा खर्च झेपेना, आणि ते दहा वर्षांहून अधिक काळ बंद राहिले. तैपेईसाठी मुली वर्गणी मागत होत्या त्या वर्षी हे मैदान कुलपात होते. या एका गोष्टीचा आम्हांला राग येतो आणि तो लपवावा असे वाटत नाही. 2025 मध्ये ते पुन्हा सुरू झाले आणि ऑगस्टमध्ये तिथे आशियाई पातळीची शॉर्ट ट्रॅक स्केटिंग स्पर्धाही पार पडली. यंत्रे चालतात, बर्फ धरतो, हे आता सिद्ध झाले आहे. दिल्लीहून डेहराडूनचा नवा द्रुतगती मार्ग आमच्या जिल्ह्यातल्या लोणीवरून जातो. लडाखचे खेळाडू मे महिन्यात तिथे राहिले, तर गाझियाबाद-नोएडातली रोलर स्केटवर तयार झालेली मुलेही शनिवार-रविवारी जाऊन त्यांच्याकडून बर्फावरचे पहिले धडे घेऊ शकतील. लडाखबाहेरून खेळाडू आले तरच ही लीग देशाची होईल, आणि ते येण्याचा रस्ता इथूनच आहे.

यासाठी नवे स्टेडियम बांधायला नको, नवी योजना नको. उत्तराखंड सरकार, केंद्राचे क्रीडा खाते आणि आइस हॉकी असोसिएशन ऑफ इंडिया यांनी हा हिवाळा संपण्याच्या आत एकत्र बसावे. मे ते सप्टेंबरचे वेळापत्रक ठरवावे, हिमाद्रीच्या वीजबिलाची तरतूद अंदाजपत्रकात स्वतंत्र नोंदीने करावी, ती दर वर्षी मागावी लागू नये अशी, आणि लेहहून येणाऱ्या खेळाडूंच्या प्रवासाचा, राहण्याचा आणि बुडणाऱ्या रोजगाराचा खर्च त्यातच धरावा. वेळापत्रकातले पहिले सहा आठवडे महिला संघाला द्यावेत.