नदी बुजवली, रांग विकली



वैचारिक लेखनाचा सराव घेताना मी नेहमी एखादी बातमी सांगतो आणि मुलांना त्यावर मत मांडायला लावतो. एकदा फळ्यावर एवढंच लिहिलं : ‘नदी बंद. बेटही बंद. तिथे आता मोटारी धावणार.’ लगेच हात वर झाले. कुणी धरण म्हणालं, कुणी बिल्डर, कुणी पूररेषा. मग मी सांगितलं की ही नदी माणसानेच खणलेली होती, बेटही बनवलेलंच होतं, आणि बातमी अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डची आहे. वर्गाचा सगळा जोर ओसरला. खोट्या नदीचं काय एवढं, असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

त्या ‘काय एवढं’चं उत्तर तासात पुरं झालं नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

आधी जागा समजून घ्या. ऑर्लँडो शहराजवळची ही जागा म्हणजे एक बाग नव्हे. सुमारे शंभर चौरस किलोमीटरचा तो परिसर आहे. आपल्या बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान साधारण तेवढंच आहे, म्हणजे अंदाज येईल. त्यात चार मोठी थीम पार्क, दोन वॉटर पार्क आणि डझनावारी हॉटेलं आहेत. पहिलं पार्क, मॅजिक किंगडम, १ ऑक्टोबर १९७१ रोजी उघडलं. ज्यांच्या नावाने ते उभं राहिलं ते वॉल्ट डिस्ने १९६६च्या डिसेंबरमध्येच गेले होते. त्यांना ते पाहायला मिळालं नाही.

पार्क उघडलं तेव्हापासून त्यात एक वळसा घेणारी नदी होती. तिच्यावर जुन्या मिसिसिपी नदीतल्यासारखी, मागे मोठं चाक असलेली आगबोट फिरायची. १९७३मध्ये नदीच्या मधल्या बेटावर जाण्याची सोय झाली. बेटाला नाव दिलं टॉम सॉयरचं. तुम्ही तराफ्यावरून पलीकडे जायचं. तिथे गुहा होत्या, पिंपांवर तरंगणारा पूल होता, लाकडी किल्ला होता. पट्टा बांधून बसायचं असं काही नव्हतं. पोरं धावायची आणि त्यांचे आईबाप सावलीत पाय पसरून बसायचे. ६ जुलै २०२५ हा त्या नदीचा, बोटीचा आणि बेटाचा शेवटचा दिवस ठरला. आता तिथे ‘कार्स’ या ॲनिमेशनपटावर आधारलेला नवा विभाग बांधला जातो आहे.

आता मला लगेच ‘जुनं ते सोनं’वाला मास्तर समजू नका. बदल व्हायलाच हवेत. डिस्नेलँड कधीच पूर्ण होणार नाही, असं स्वतः वॉल्ट डिस्नेच म्हणत. काही बदल तर फार उशिरा झाले. स्प्लॅश माउंटन नावाची, पाण्यात झेपावणारी एक लाडकी राईड होती. तिची गोष्ट १९४६च्या एका चित्रपटातून घेतलेली होती. गुलामगिरीनंतरच्या काळातलं काळ्या लोकांचं जगणं त्या चित्रपटात गोड-गुलाबी करून दाखवलं होतं आणि त्यावर वर्षानुवर्षं टीका होत आली. ती राईड जानेवारी २०२३मध्ये बंद केली. जून २०२४मध्ये त्याच डोंगरावर टियानाची राईड सुरू झाली. टियाना ही डिस्नेची पहिली काळी राजकन्या. जुन्या चाहत्यांनी खूप आरडाओरडा केला, पण मला तो बदल पटतो. पाणी तेच, झेप तीच, फक्त रांगेतल्या एका मुलीला आता आपल्यासारखी दिसणारी नायिका भेटते. यात गेलं काय?

नदीचं तसं नाही. ती का नाही हे सांगायला तिकिटाच्या खिडकीपासून सुरुवात करावी लागेल.

१९७१ साली मॅजिक किंगडमचं मोठ्या माणसाचं प्रवेशमूल्य होतं साडेतीन डॉलर. महागाई धरून आजचे सत्तावीस-अठ्ठावीस डॉलर म्हणा. पण तो फक्त आत जायचा दर, हेही सांगायला हवं. राईडसाठी वेगळी तिकिटं लागायची, ए, बी, सी, डी, ई अशी. ‘ई’ म्हणजे सर्वांत भारी. आपल्या जत्रेसारखंच की! आकाशपाळण्याचे वेगळे, मौत का कुआँचे वेगळे. १९८२मध्ये ही तिकिटांची पुस्तकं गेली आणि एकदा दारात पैसे भरले की आत सगळं खुलं, असा नियम आला. मग आत शिरलेल्यांमध्ये फरक उरला तो एकच : कोण आधी आलं आणि कोण नंतर. पैसेवाल्याचा मुलगा आणि वर्षभर पैसे साठवून आलेल्या ट्रकवाल्याचा मुलगा एकाच रांगेत, एकाच उन्हात उभे. दारापर्यंत पोचणंच कित्येकांना जमायचं नाही, ही गोष्ट वेगळी. पण दाराच्या आत रांग सगळ्यांची होती.

१९९९मध्ये फास्टपास आला. यंत्रात तिकीट घालायचं, यंत्र चिठ्ठी द्यायचं : अमुक ते अमुक वेळेत या, छोट्या रांगेतून सोडू. ही सोय फुकट होती. पुढे ती मोबाईलवर गेली, फुकटच राहिली. करोनात पार्क बंद झालं, जुलै २०२०मध्ये उघडलं, पण फास्टपास काही परत आला नाही. ऑक्टोबर २०२१मध्ये त्याच्या जागी जिनी प्लस आलं, माणशी दिवसाला १५ डॉलर. नंतर दर तारखेप्रमाणे बदलू लागले, जुलै २०२४मध्ये नावही बदललं. सर्वांत गाजलेल्या राईडचे पैसे तर वेगळेच. आणि ऑक्टोबर २०२४च्या अखेरीस आणखी एक पास आला. तो घेतला की वेळ ठरवायचीही गरज नाही. केव्हाही या, छोट्या रांगेने आत जा. मॅजिक किंगडममध्ये गर्दीच्या दिवशी त्याचा वरचा दर ठेवला होता ४४९ डॉलर. एका माणसाचे, एका दिवसाचे. आपले अडतीस हजारांच्या वर झाले. आणि हे प्रवेशाच्या तिकिटाशिवाय बरं का. २०२५च्या नाताळात प्रवेशाचं तिकीटच १९९ डॉलरला पोचलं होतं. चौघांचं कुटुंब धरा आणि वहीत गुणाकार करून बघा.

आता गणिताच्या सरांची परवानगी घेऊन एक उदाहरण. आकडे माझे आहेत, समजण्यापुरते. समजा एका राईडमध्ये तासाला हजार माणसं बसतात आणि तुमच्या पुढे रांगेत सहाशे जण आहेत. एकच रांग असेल तर तुमचा नंबर ३६ मिनिटांत लागेल. पण तासाच्या हजार जागांपैकी सातशे जागा जर पासवाल्यांना जात असतील, तर तुमच्या रांगेला उरतात तीनशे. तेच सहाशे जण, आणि तुम्ही दोन तास उभे. राईडचा वेग तोच आहे. पासवाल्याचं थांबणं कमी झालं म्हणजे ते नाहीसं झालं नाही, ते तुमच्या पायांवर आलं. पाटाच्या पाण्यावर शेती करणाऱ्यांच्या घरातल्या मुलांना हे वेगळं सांगायला नको. वरच्यांनी दोन पाळ्या जास्त घेतल्या की टेलच्या शेतात काय पोचतं, ते त्यांनी पाहिलेलं असतं.

म्हणून ‘ज्याला परवडतं तो घेईल, तुमचं काय जातं’ हे वाक्य मला मान्य नाही. जातं. दीड तास जातो.

दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर हे वैचारिक लेखन कसलं. एक म्हणजे फुकटचा फास्टपाससुद्धा सगळ्यांना सारखा मिळत नव्हता. शेवटच्या काही वर्षांत डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना तो साठ दिवस आधी ठरवता यायचा, बाहेरच्यांना तीस दिवस आधी. ज्याला माहिती आहे, ज्याच्याकडे वेळ आहे, तो पुढे. पैशाऐवजी हुशारीची रांग होती एवढंच. दुसरं म्हणजे शेजारचं युनिव्हर्सल कितीतरी वर्षांपासून असा पास विकतं आहे. मे २०२५मध्ये त्यांनी नवं मोठं पार्कही उघडलं. स्पर्धेत डिस्नेनेच तेवढं साधू राहावं, ही अपेक्षा भाबडी म्हणावी लागेल. तिसरं, कंपनी कधीकधी मागेही येते. हॉटेलात राहणाऱ्यांकडून २०१८पासून गाडी उभी करण्याचे पैसे घ्यायला लागले होते, ते जानेवारी २०२३मध्ये बंद केले. लोक बोलले की काही वेळा ऐकलं जातं.

हे सगळं खरं धरूनही माझी अडचण उरतेच. पूर्वी लांब रांग ही पार्कची डोकेदुखी होती. लोक कंटाळले तर परत येणार नाहीत, म्हणून रांग कमी करण्यात पार्कचं हित होतं. आज रांग जितकी लांब, तितका पास घ्यायचा मोह जास्त. कंपनी मुद्दाम रांग वाढवते असं मी म्हणत नाही. पण जिच्या लांबीवर आपली विक्री चालते, ती रांग आखूड करायची घाई कुणाला असेल?

इथे मला टॉम सॉयर आठवतो. मार्क ट्वेनच्या १८७६च्या कादंबरीतला हा वात्रट मुलगा. मावशी त्याला शनिवारी कुंपणाला चुना लावायला बसवते. मित्र चिडवायला येतात. हा असा काही रंगून चुना लावतो की मित्रांनाच तो हात फिरवायचा मोह होतो. मग टॉम त्यांच्याकडून सफरचंद, पतंग, काय काय घेऊन त्यांना कुंपण रंगवू देतो! एखादी गोष्ट हवीहवीशी करायची असेल तर ती सहज मिळू देऊ नये, हे त्या पोराला कळलं होतं. ज्या पार्कने त्याच्या नावाचं बेट बुजवलं, त्या पार्कनेच त्याचा हा धडा पक्का पाठ केला आहे.

आणि बेटाचा मुद्दा हाच आहे, मुलांनो. बेटावर विकायला फारसं काही नव्हतं. तराफ्यावर सगळे एकाच रांगेतून चढायचे. त्याचा पास नव्हता, कारण घाईच नव्हती. बोट आणि बेट मिळून दिवसभर कितीतरी माणसं सामावून घ्यायची. नवा विभाग उघडेपर्यंत ती माणसं कुठे जाणार? बाकीच्या रांगांत. आणि उघडल्यावर? तिथल्या राईडलाही दोन रांगा असतील, असा माझा अंदाज आहे.

सर्वांत जास्त चटका लावतो तो बदल मात्र बातम्यांत मागेच राहिला. ज्यांना रांगेत उभं राहणं जमत नाही अशा दिव्यांगांसाठी तिथे एक वेगळी सवलत आहे. थोडा वेळ दुसरीकडे थांबून ठरल्या वेळी आत जायचं, बिनपैशाने. सशुल्क पास आल्यावर तिची मागणी वाढली, काही लोक खोटं सांगून ती घेऊ लागले, म्हणून मे २०२४पासून नियम कडक झाले. आता ती मुख्यतः स्वमग्नता किंवा तशा विकासात्मक अडचणी असलेल्यांसाठी आहे. दुसऱ्या आजारांनी त्रस्त असलेल्या अनेकांना रांगेतून बाहेर जाऊन परत येण्यासारखे पर्याय सुचवले जातात. खोटं बोलणाऱ्यांचा राग मलाही येतो. पण क्रम बघा. आधी फुकटची सोय गेली, मग ती विकत आली, मग न परवडणारे काही जण आडवाटेला लागले, आणि शेवटी ज्याला खरोखर गरज आहे त्याला आपलं दुखणं अनोळखी माणसाला व्हिडिओ कॉलवर समजावून सांगावं लागतं.

मी फ्लोरिडाला गेलेलो नाही. पण उन्हाळ्यात मुला-सुनेकडे अमेरिकेला गेलेल्या आमच्या ओळखीच्या एका काकूंना नातवाने हौसेने डिस्नेला नेलं होतं. परत आल्यावर त्यांनी किल्ल्याचं किंवा आतषबाजीचं वर्णन केलं नाही. म्हणाल्या, “सर, तिथेही व्हीआयपी दर्शन असतं हो!” आम्ही दोघंही हसलो. मग त्या म्हणाल्या, “पण पंढरपूरच्या बारीत शेजारची बाई आपल्याला पाणी तरी विचारते.”

आता गृहपाठ. ‘पैसे देऊन रांग चुकवावी का?’ या विषयावर बारा ते पंधरा ओळी लिहा. एक अट आहे : किमान चार ओळी तुमच्या मताच्या विरुद्ध बाजूने असल्या पाहिजेत, आणि त्याही मनापासून. डिस्नेवरच लिहायचं बंधन नाही. दवाखान्यातली रांग चालेल, देवळातली चालेल, टँकरपुढची चालेल. वह्या सोमवारी तपासेन. आणि हो, वह्या गोळा करताना मागच्या बाकापासून सुरुवात करणार आहे.