कुलूप आणि दाखला

इंटरनेटवर पाठविलेला मजकूर थेट इष्ट स्थळीं जाऊन पोंचतो, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः तो अनेक यंत्रांच्या हातांतून पुढें जातो, आणि पोस्टकार्डाप्रमाणें वाटेंतल्या कोणासहि वाचतां येतो. ब्राउझर व संकेतस्थळ यांनीं आपसांतील मजकूर कूटबद्ध केला, म्हणजे त्या कार्डाचें मोहोरबंद पाकीट होतें. पत्त्याच्या आरंभींचीं ‘एचटीटीपीएस’ हीं अक्षरें याचीच खूण होय. पाकिटावरील पत्ता मात्र उघडाच राहतो. आपण कोणत्या स्थळीं गेलों हें वाटेंतल्यास बहुधा कळतें, तेथें काय वाचलें वा लिहिलें हें कळत नाहीं.

ज्यांस लपविण्यासारखें कांहीं नाहीं त्यांस हा खटाटोप कशास हवा, असें म्हणणारे सद्गृहस्थ भेटतात. त्यांस २०१० सालची हकीकत सांगावीशी वाटते. त्या वर्षीं ऑक्टोबरांत एरिक बटलर या प्रोग्रामरनें ‘फायरशीप’ नांवाचें एक लहानसें साधन सर्वांकरितां खुलें केलें. तेव्हां फेसबुकसारखीं स्थळें पासवर्ड तेवढा गुप्तपणें घेत व पुढील व्यवहार उघड्यावर चालवीत. पासवर्ड पटल्यावर स्थळ ब्राउझरला एक ओळखपत्र देतें, त्यास ‘कुकी’ म्हणतात. पुढें प्रत्येक पानाच्या मागणीबरोबर तें पुन्हा पाठविलें जातें. उपाहारगृहांतील खुल्या वाय-फायवर बसलेल्या कोणासहि फायरशीपच्या साह्यानें शेजाऱ्याचें हें ओळखपत्र उचलून त्याच्या नांवानें वावरतां येई. म्हणजे दिंडीदरवाजास कुलूप आणि परसदार सताड उघडें! बटलरचा हेतु कंपन्यांची ढिलाई चव्हाट्यावर आणण्याचा होता, आणि तो सफल झाला असें मला वाटतें. फेसबुकनें २०११ च्या जानेवारींत सर्व पानें कूटबद्ध करण्याची सोय ऐच्छिक दिली, व २०१३ पर्यंत ती सर्वांस लागू केली. लपविण्यासारखें कांहीं नसलेल्या माणसाच्या नांवानें दुसऱ्यानें लिहिलेलें त्या माणसाच्याच माथीं येतें, हें या गृहस्थांच्या ध्यानांत येत नाहीं.

परंतु माझा खरा आक्षेप निराळा आहे. कुलपाचें चित्र दिसलें कीं स्थळ प्रामाणिक, असें घरोघर मुलांस सांगण्यांत येतें. हें अर्धसत्य घातक आहे. कुलपामागें एक दाखला असतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मुख्याध्यापकांची सही व शिक्का पाहून दुसरी शाळा तो मानते, त्याप्रमाणें ब्राउझर ठराविक संस्थांची सही पाहून स्थळाचा दाखला मानतो. मात्र हा दाखला एवढेंच सांगतो कीं, हें नांव ज्याच्या ताब्यांत आहे तोच पलीकडे आहे. त्याच्या शीलाविषयीं तो अवाक्षर काढीत नाहीं. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था २०१५ पासून असे दाखले विनामूल्य देते. हें उपकारकच झालें, कारण गरीब संस्थेसहि आतां पाकीट परवडतें. पण बँकेच्या नांवांत एक अक्षर बदलून दुकान मांडणाऱ्या भामट्यासहि तो तितक्याच सहज मिळतो, आणि आपला पासवर्ड वाटेंत कोणाच्याहि दृष्टीस न पडतां सुखरूप त्याच्या हातीं पोंचतो! या गैरसमजामुळेंच गूगलनें क्रोम ब्राउझरच्या पत्त्याशेजारील कुलूप २०२३ सालीं काढून टाकलें. नांवाचें अक्षर न् अक्षर तपासण्याचें काम आपलें आपणच करावयाचें आहे.

दाखल्याची मुदत संपली अथवा नांव जुळलें नाहीं, तर ब्राउझर इशारा देतो, आणि मुलें सवयीनें ‘पुढें चला’ दाबतात. कधीं कधीं दोष आपल्याच संगणकाच्या चुकलेल्या तारखेचा असतो. म्हणून प्रथम ती पाहावी. ती बरोबर असूनहि इशारा राहिला, तर त्या पानावर शुल्क भरूं नये, मग भरण्याची मुदत त्याच दिवशीं संपत असली तरीहि.